नानांची आडवी सायकल

पहिल्या दिवशी मी तीनदा पडलो आणि तिन्ही वेळा चहाच्या टपरीकडेच पडलो. तिसऱ्या वेळेपर्यंत टपरीवाल्याने बाक उचलून आत घेतला होता आणि बाकावरची गिऱ्हाइकं उभी राहून माझी वाट बघत होती.

जळगावात माझं सायकलचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. डोळे मिटून चाकाचा आऊट काढतो, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करतो. अशा माणसाला भर बाजारात सायकल चालवता येत नाही, हे बघायला लोक लांबून येत होते. एकाने तर विचारलं, "भाऊ, शिकायला लहान सायकल देऊ का?" मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही.

सायकल होती सावद्याच्या नानांची. नाना केळीचे बागायतदार. जन्मभर सायकलवरून बागेत गेले. मग कंबरेची गादी सरकली. डॉक्टरांनी साधी सायकल बंद केली, मोटरसायकल बंद केली, लांब चालणंही बंद केलं. अकरा महिने माणूस घरात. परदेशातल्या मुलाने शेवटी ही सायकल खोक्यातून पाठवली आणि नानांनी ते खोकं टेम्पोत घालून माझ्या दुकानात आणलं. बरोबर अक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती.

"भाऊ, मले फक्त माझ्या वावरात जायाचं आहे," नाना म्हणाले. "दुसरं काही नही."

अक्कांनी लगेच अट घातली. "आन मी सांगून ठेवते. हे एकदा जरी पडले, तर त्याच दिवशी ही सायकल भंगारात. भंगारवाला गल्लीतच राह्यतो आमच्या."

नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खोकं न उघडताच म्हणालो, "पडणार नाहीत. माझी गॅरंटी."

मग खोकं उघडलं.

या सायकलला रिकंबंट म्हणतात. आरामखुर्चीत रेलावं तसं रेलून, पाय पुढे करून चालवायची. पाठीला टेकू मिळतो, म्हणून कंबरेचं दुखणं असलेल्यांना बरी. इथवर ठीक. पण ही फ्रंट व्हील ड्राइव्ह. तुमच्या-माझ्या सायकलची चेन मागचं चाक फिरवते. हिची चेन पुढचं चाक फिरवते. पेडल, चेन, गिअर, सगळा संसार पुढच्या फोर्कवर, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यावर, आणि हँडल वळलं की तो सगळा संसार पायांसकट वळतो. मागच्या चाकाला काही काम नाही. गाडीमागे बांधलेल्या वासरासारखं ते नुसतं येतं.

मेंटेनन्सच्या दृष्टीने ही सायकल गुणाची. चेन साध्या सायकलइतकीच छोटी, गिअरची केबल हातभर. चेनला तेल घालायला वाकावंही लागत नाही, सीटवर बसल्या जागी समोर दिसते. जोडायला मला एक दुपार लागली. जोडून झाली आणि मी ऐटीत बसलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला माझ्या उस्तादांना व्हिडिओ कॉल लावला. आबांनीच मला हे काम शिकवलं. आता वय झालंय, पण सायकलचं नाव काढलं की उठून बसतात. मी मोबाइल सायकलवरून फिरवला.

"हाई काय शे रे?" आबांनी विचारलं.

"सायकल शे, आबा."

"मंग आडी काब्र शे?" आडवी का, असं ते विचारत होते.

"आडवीच असते. पण डावीकडेच पाडते."

आबांनी मला पेडल मारून दाखवायला लावलं. मी चौथ्यांदा पडलो. आबा बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तू पायघाई हँडल फिरावस. जेवना पाय जोर करस, हात ओढत नही."

पायघाई म्हणजे पायाने, जेवना म्हणजे उजवा. आबांनी ही सायकल जन्मात पाहिली नव्हती, पण बरोबर तेच होतं. पेडल फोर्कवरच असल्यामुळे उजव्या पायाने जोर लावला की पुढचा भाग डावीकडे वळतो. माझा उजवा पाय दणकट. डावीकडे टपरी. इतका साधा हिशेब आणि मी टपरीवाल्याच्या जागेला दोष देत होतो.

औषध असं: उजवा पाय दाबताना उजव्या हाताने हँडल हलकंसं आपल्याकडे ओढायचं. डावा पाय, डावा हात. पण आधी पेडलला हातच लावायचा नाही, म्हणजे पाय. बारीक उतारावर पाय खाली सोडून नुसतं घरंगळायचं. मग एका पायाने पेडल, मग दोन्ही. मी गावाबाहेरचा एक निवांत रस्ता धरला आणि रोज सकाळी घरंगळत राहिलो. फिरायला येणारी मंडळी पहिले दोन दिवस मला उचलायला धावायची. मी पडलेला नाही, बसलेलो आहे, हे समजावून सांगण्यात माझी निम्मी सकाळ जायची. पाचव्या दिवशी सायकल सरळ गेली. खरं सांगतो, मी एकटाच मोठ्याने ओरडलो.

मग नानांना बोलावलं. इथे ॲडजस्टमेंटचं काम आलं. पेडल ज्या पाइपावर असतात त्याला बूम म्हणतात. तो पुढे-मागे सरकतो. नियम सोपा आहे. पाठ सीटला टेकवून बसायचं, टाच पेडलवर ठेवायची, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. बूम लांब पडला तर कंबर सीटवर डावी-उजवी घासते आणि हँडल ओढाताण करतं. आखूड पडला तर गुडघे बोंबलतात. नाना माझ्यापेक्षा हातभर उंच, त्यामुळे बूम चांगलाच बाहेर काढावा लागला. सीट थोडी उभी केली, क्लॅम्प आवळले, फोर्क हलतो का बघितलं.

नाना रोज सकाळच्या बसने जळगावला यायचे आणि माझ्याबरोबर घरंगळायचे. मी एकच गोष्ट सारखी घोकून घ्यायचो.

"नाना, ओढणारं चाक कोणतं?"

"पुढचं."

"आणि ते घसरू द्यायचं?"

"नही. गोटे, रेती, चिखल पाह्यला की जोर कमी."

कारण रेलून बसल्यावर बरंच वजन मागच्या चाकावर जातं. पुढचं चाक हलकं राहतं आणि ओढायचं तर त्यालाच. खाली काही निसरडं आलं की ते जागच्या जागी गरगरतं. हे मी नानांना किमान शंभर वेळा सांगितलं असेल. नाना घरी जाऊन अक्कांना सांगायचे. दोन आठवड्यांत नाना एकदाही पडले नाहीत.

हँडओव्हरला मी स्वतः सायकल टेम्पोतून सावद्याला नेली. अंगणात शहाबादी फरशी धुऊन ठेवलेली. गल्ली जमलेली. भरीत-पुरीचा वास सुटलेला, पंगतीसाठी कापलेल्या केळीच्या पानांचा ढीग एका बाजूला. नाना नवा शर्ट घालून सीटवर रेलले. अक्कांनी हळद-कुंकू लावलं, हार घातला. हार चेनमध्ये जाईल म्हणून मी तो काढून सीटच्या मागे बांधला आणि माझ्या हुशारीवर मीच खूश झालो. मग नारळ फुटला. पाणी फरशीवर. अक्कांनी माझ्या हातात लिंबू दिलं.

"भाऊ, तुमीच ठेवा. तुमच्या हातची गाडी आहे."

एकतीस वर्षांत किती लिंबं ठेवली असतील मी! हात आपोआप गेला. पुढच्या चाकाखाली लिंबू सरकवलं आणि म्हणालो, "मारा पेडल, नाना!"

नानांनी पेडल मारलं. चाकाने लिंबू चिरडलं आणि तिथेच गरगरायला लागलं. रस माझ्या डोळ्यांत. एक बी चष्म्यावर. सायकल बोटभरही पुढे जाईना. गल्लीसमोर लाज नको म्हणून नानांनी उजव्या पायाने सगळा जोर लावला. पुढचा भाग सर्रकन डावीकडे वळला आणि नाना केळीच्या पानांच्या ढिगात आडवे झाले.

सीटच मुळात जमिनीपासून दीड फुटावर, त्यामुळे लागलं काहीच नव्हतं. नाना तसेच, पाय पेडलवर, एका कुशीवर. मग पानांतून आवाज आला.

"मी पडलो नही. मी आधीपासून आडवाच होतो."

"पडले," अक्का म्हणाल्या.

"आडवा मानूस पडीन कसा?"

"पडले! सगळ्यायनं पाह्यलं. बोलवा भंगारवाल्याले."

बोलवायची गरज नव्हती, तो पूजेला आलेलाच होता. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. नाना उठून बसले. केसांत केळीच्या पानाचा तुकडा. त्यांनी हँडलवर हात ठेवला आणि तो काढेनात. दोन आठवडे माझ्या तालमीत एकदाही न पडलेला माणूस माझ्या हातून पडला होता आणि कशामुळे, ते मला रस डोळ्यांत जायच्या आधीच कळलं होतं. पण पूजेतल्या लिंबाला दोष द्यायचा, तोही अक्कांच्या अंगणात, भरीत-पुरीच्या आधी? मी क्लॅम्प तपासायचं नाटक करत खाली बसलो.

तेवढ्यात अक्काच सायकलजवळ आल्या. वाकून चेन बघितली. मग मला विचारलं, "भाऊ, ओढनारं चाक कोन्तं?"

"पुढचं, अक्का."

"आन घसरू द्यायचं नसतं ना त्याले?"

"नाही."

"मंग लिंबू त्याच्याच खाली कशाले ठेवलं तुमी?"

शंभर वेळा घोकून घेतलेला धडा अक्कांनी सावद्यात बसून पाठ केला होता आणि मास्तर नापास झाला होता.

"चूक माझी, अक्का," मी म्हणालो. "शंभर टक्के माझी."

अक्का गल्लीकडे वळल्या. "पाह्यलं ना? हे पडनं या भाऊचं आहे. यायचं नही." त्यांनी नानांकडे बोट केलं, मग भंगारवाल्याला म्हणाल्या, "तू जेवाले थांब." मी सायकल उभी केली, नाना पुन्हा सीटवर रेलले. अक्कांनी घरातून दुसरं लिंबू आणलं, मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने मागच्या चाकाखाली ठेवलं. पुढच्या चाकाखालची फरशी पदराने पुसली. "चाला आता. हात ओढत जा, नुसता पाय नका दाबू."

नानांनी पेडल मारलं. मागच्या चाकाखाली लिंबू फचकन फुटलं आणि सायकल फाटकातून सरळ बाहेर गेली. पोरंसोरं मागे धावली. बागेच्या वळणावर नानांनी एक हात वर केला, म्हणजे मी कधीही करू नका म्हणून सांगितलेली गोष्ट केली, आणि केळीत दिसेनासे झाले. अक्का कितीतरी वेळ फाटकात उभ्या होत्या. मी जवळ जाऊन म्हणालो, "काळजी करू नका, येतील."

"येऊ द्या सावकाश," अक्का डोळे पुसत म्हणाल्या. "अकरा महिने घरात बसून मले सयपाक शिकवत होते."

नाना दोन तासांनी आले. आम्ही सगळे तोवर उपाशीच थांबलो होतो.

आता माझ्या दुकानातून कुठलीही सायकल बाहेर पडताना लिंबाची वेळ आली की मी गिऱ्हाइकाच्या घरातल्या बाईंना पुढे करतो. सायकलचं आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात लिंबू देऊ नये.