दादाची एकसष्टी, दुपारी चार वाजता

आमच्या घराण्यात कोणी गेलं की मजकूर मी लिहितो. 'दुःखद निधन', 'अंत्ययात्रा राहत्या घरून', 'मागे मोठा आप्तपरिवार' हे सगळं माझ्याकडे. एरवी लग्नाच्या पंगतीत मला कोणी मीठ वाढायलाही सांगत नाही, पण माणूस गेला की पहिला फोन मला येतो. माझा मजकूर आल्यावर 'खरं का?' असं कोणी विचारत नाही. हातातलं काम टाकतात आणि गाडी पकडतात. आयुष्यात कमावलेली एवढी एकच पत. तिचं मी काय केलं ते सांगतो.

दादाला साठ पूर्ण व्हायला महिना होता. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी मला आणि वहिनीला आत बोलावून दार लावून घेतलं. यकृताचं दुखणं होतं आणि फार पुढे गेलं होतं. दादा बाहेर बाकावर बसलेला. आम्ही बाहेर आलो तर आमची तोंडं पाहून म्हणाला, "सांगू नका. समजलं." मग स्कूटरवर माझ्या मागे बसल्यावर, सिग्नलला, माझ्या पाठीशी बोलल्यासारखं म्हणाला, "ताईले बोलाव गा. एकदा येऊन जाऊ दे."

ताई म्हणजे आमची बहीण. दादाहून लहान, माझ्याहून मोठी, आर्वीला दिलेली. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा ताई वाटेत होती. दिवस बुडत आला होता, घाटावर लोक घाई करत होते, आणि थोरला म्हणून निर्णय दादाचा. त्यानं अग्नी दिला. ताई ऑटोतून उतरली तेव्हा चिता धडधडून पेटली होती. ती तिथूनच मागे फिरली. तेव्हापासून दादाशी एक शब्द नाही.

मी फोन केला. "ताई, दादाची एकसष्टी आहे. ये न."

"त्याच्या आनंदात मी कशाले?"

"त्याची तब्येत बरी नाही वं."

"आईची बी बरी नव्हती," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दादाला पूजा नको होती, ओवाळणं नको होतं. "बाया साठ दिवे ओवाळतील अन् मनात म्हणतील, एकसष्टावा काही दिसत नाही. हसण्यासारखं काहीतरी कर." आता हसण्यासारखं करण्यात मी कधी मागे नसतो, बहुतेक वेळा माझ्या नकळत. एकदा ऑफिसच्या सहलीत आम्हाला खुनाच्या रहस्याचा खेळ खेळवला होता. एक जण मेलेला, बाकीच्यांनी पुरावे जमवून खुनी शोधायचा. मी ठरवलं, हाच खेळ. सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल, चाळीस पाहुणे, बहुतेक सोसायटीतलेच, रविवारी दुपारी चार वाजता. विष तर्री-पोह्यांच्या तर्रीत. यावर वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, कारण तर्री तीच करणार होती.

खुनी व्हायला सातजण तयार झाले. मरायला एकही नाही. एकाच्या घरी नातीचं बारसं होतं, एकाला बायको परवानगी देईना, एकजण म्हणाला, "मी आत्ताच पॉलिसी काढली, शोभत नाही."

"मी मरतो," दादा म्हणाला. "मले तसाही सराव पाहिजे."

"जीभ आवरा!" वहिनी ओरडली.

मी म्हटलं, "नाव दुसरं देऊ."

"खोट्या नावानं काय मरायचं? माझंच टाक."

मग मी टाकलं. रविवारी सकाळी खेळाच्या ग्रुपवर पहिला पुरावा म्हणून दादाच्या निधनाचा मजकूर. हाताला वळण पडलेलं, त्यामुळे फार उत्तम उतरला. दादाचं पूर्ण नाव, अंत्ययात्रा दुपारी चार वाजता सोसायटीच्या हॉलमधून. आणि सगळ्यात शेवटी, 'हा खेळ आहे, पांढरे कपडे घालून या, पहिला प्रवेश शोकसभेचा.' ही शेवटची ओळ फोनवर 'आणखी वाचा'च्या खाली गेली. आमच्या एका चुलतभावानं ती वाचली नाही. मौतीची बातमी आपल्याकडे मिनिटभरही अडून राहिली तर पाप लागतं अशी त्याची समजूत. त्यानं ती सगळ्या सोयऱ्यांना पुढे पाठवली. मला पत्ता नाही, कारण तोवर मी हॉलमध्ये गाद्या टाकत होतो. पुढे नियम म्हणून सगळ्यांचे फोन टोपलीत गोळा केले आणि सगळ्यांना शिस्त दाखवायला माझा आधी ठेवला. ताईचे फोन त्या टोपलीत वाजून वाजून थांबले.

वहिनीनं स्पष्ट सांगितलं होतं, "पांढऱ्या चादरीखाली मी त्यांना पाहणार नाही." ती वर घरी थांबली. दादा सतरंजीवर आडवा झाला. मी त्याच्या नाकात कापूस ठेवला. "घट्ट नको लावू, खरंच जाईन," तो म्हणाला. चाळीस माणसं पांढऱ्या कपड्यांत भिंतीला टेकून बसली. दाराबाहेर चपलांचा ढीग. खेळ सुरू म्हणून मी घंटा वाजवली.

आणि ताई आत आली.

घरच्या साडीत, बोटांना कणीक वाळलेली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. दादाच्या उशाशी बसली आणि चेहऱ्यावरची चादर खाली केली.

"थांबला गा," ती म्हणाली. "थांबला माझ्यासाठी."

मग ती रडायला लागली. सोसायटीतल्या कोणीच तिला ओळखत नव्हतं. अकरा वर्षांत आलीच नव्हती ती. माझ्या मागे कुजबुज झाली.

"कोण आहे वं ही?"

"नाटकातली आणलेली दिसते. काय रडते!"

"आईच्या वेळी नाही थांबला तू," ताई म्हणत होती. "मी रस्त्यात होती, तुले माहीत होतं. मी आईचं तोंड नाही पाहिलं. तुझं बी नाही दिसत, असंच वाटत होतं मले गाडीत. फोन काहून ठेवला मी? सांग न. बोलली असती तं काय जात होतं माझं?"

बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं, 'आईचे तोंड: खुनाचे कारण?'

मी पुढे झालो. एवढी अक्कल मला होती. पण चादरीखालून दादाचा हात निघाला, माझ्या बाजूनं, आणि दोन बोटं हलली. थांब. मी थांबलो. आयुष्यभर दादाचं ऐकलं नाही, नेमकं तेव्हा ऐकलं.

ताईनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. मिटलेल्या डोळ्यातून पाणी निघून कानाकडे ओघळलं. ते तिनं पाहिलं. तिचा हात कपाळावरच राहिला. मग तिनं मान वर करून माझ्या हातातली घंटा पाहिली, आणि माझ्या मागे फळ्यावर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं 'खुनी कोण?'

"ताई, खेळ आहे वं," मी म्हटलं. याहून वाईट वाक्य मी आजवर बोललेलो नाही.

चादर ओढून तिनं दादाचा चेहरा झाकला, कडेची सुरकुती नीट केली आणि उठली.

"माझं रडून झालं," ती म्हणाली. "आता दुसऱ्यांदा नाही."

ती दाराबाहेर गेली आणि मागच्या रांगेत टाळ्या पडल्या.

दादा उठून बसला तोवर, मी फाटकापर्यंत धावलो तोवर, गाडी वळली होती. परत आलो तर एक काकू मनापासून विचारत होत्या, "मग खून कोणी केला?" दादानं नाकातला कापूस काढला आणि माझ्याकडे बोट केलं. "यानं." लोक पोट धरून हसले. मग पोहे आले. सगळ्यांनी खाल्ले.

त्यानंतरही दोन गाड्या भरून सोयरे आले. त्यातल्या एका म्हाताऱ्या मामांनी माझी समजूत घातली, मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. दादाचं वाढलं नाही.

मी ताईला फोन करत राहिलो, ती उचलत नव्हती. एकदा आर्वीला जाऊन आलो, तिच्या नवऱ्यानं ओट्यावरच चहा दिला आणि ती आतून आली नाही. दादानं मला एकदाही दोष दिला नाही, त्यामुळे तर मला जास्तच लागत होतं. शेवटी मीच विचारलं, "तू उठला काहून नाही?"

तो भिंतीकडे तोंड करून होता. तसाच म्हणाला, "उठलो असतो तं ती गप्प झाली असती न."

त्या रविवारपासून सातव्या आठवड्यात तो गेला. यावेळी मजकूर लिहायच्या आधी मी ताईला फोन केला, आणि त्या दिवशी तिनं उचलला. मी सांगितलं. तिनं खरं-खोटं विचारलं नाही.

"जे बोलायचं होतं ते त्यानं ऐकलं," ती म्हणाली. "आता तिथं येऊन मी कोणाशी बोलू?"

तरी घाटावर मी सगळ्यांना थांबवून धरलं. लाकडं रचून झाली होती. कोणी घड्याळ दाखवलं, कोणी आभाळ. मी म्हणत राहिलो, "थोडं थांबा, बहीण आर्वीहून निघाली आहे." ती निघाली नव्हती, हे फक्त मला माहीत होतं. दिवस बुडाला तेव्हा अग्नी द्यायला उभ्या असलेल्या दादाच्या मुलानं माझ्याकडे पाहिलं आणि मी होकाराची मान हलवली.