एकतीसनंतरचं पान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यातल्या बहिणीला नाही, आणि — माझ्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं — कुठल्याही यादीत लिहिलेलं नाही. मी यादी करणारी बाई आहे. आमच्या फ्रिजवर तीन याद्या असतात: आजची, आठवड्याची आणि कधीतरीची. बेसिंगस्टोकला घर बदललं तेव्हा सामान हलवणाऱ्या माणसाने खोक्यांवरचे क्रमांक बघून विचारलं होतं, मॅडम सैन्यात होत्या का? विवेक अजून चिडवतो, "मंजू, तुझ्या यादीत नाही ते जगातच नाही." तो हसतो, मीही हसते. काय करणार?

कुठून सुरू करू? सोप्या भागापासून करते.

मी एका कंपनीत काम करते. आम्ही अमेरिकेतली व्हिस्की इथे इंग्लंडात आणतो आणि पबना, दुकानांना पुरवतो. मी स्वतः पीत नाही. कार्यक्रम, पाहुणे, जागा, सामान हे माझं खातं. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या तळमजल्यावर पाहुण्यांसाठी एक खोली सजवायचं ठरलं. आमच्या सर्वात जुन्या व्हिस्कीची गोष्ट तिथल्या भिंतीवर मांडायची होती. केंटकीच्या कारखान्याने सामान धाडलं: पहिल्या मालकाचं चित्र, तांब्याच्या भट्टीचा फोटो आणि एक जुनं पान. तो मालक वारल्यावर त्याच्या मालमत्तेची जी यादी केली होती, तिचं पहिलं पान. मला ते बघताक्षणी आवडलं. डावीकडे क्रमांक, उजवीकडे वस्तू आणि तिची संख्या. तांब्याची भट्टी, एक. आंबवणाची पिंपं, अकरा. शेवटची ओळ, खेचरं, चार. त्या यादी करणाऱ्याचा हात माझ्यासारखाच नेटका होता.

कुणाकडे या व्हिस्कीसंबंधी जुनं काही असेल तर पाठवा, असं आम्ही वेबसाइटवर लिहिलं. रिकाम्या बाटल्या आल्या, बिअरखालचे पुठ्ठे आले. आणि कार्डिफहून बोवेनबाईंचं पाकीट आलं.

बोवेनबाई जन्माने केंटकीच्या, काळ्या. वेल्श माणसाशी लग्न करून इकडे आल्या आणि हॉस्पिटलच्या वॉर्डांमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या. नवरा गेला होता, मुलगी जवळच राहत होती. पाकिटात एक पिवळं पान होतं, घड्यांवर झिजलेलं. त्यांच्या मावशीने ते आयुष्यभर बायबलमध्ये सांभाळलं होतं. तीही मालमत्तेची यादीच होती. करवती, लोखंडी चूल. आणि त्यांच्यामध्ये एक ओळ — आयसम, दारू गाळणारा.

आयसम म्हणजे बोवेनबाईंच्या पणजीचा बाप. गुलाम. त्यांच्या घरात सांगत आले होते की आमची ती प्रसिद्ध व्हिस्की त्याने बसवली. आंबवण कधी उतरवायचं, धार कुठे तोडायची, हे त्याचं नाक सांगायचं. मालकाला ते कधी जमलं नाही. बाटलीवर मात्र मालकाचं नाव लागलं. आयसमचं नाव आणि त्याचं काम एकत्र लिहिलेला जगात हा एकच कागद, असं बोवेनबाईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं. त्याचं नाव भिंतीवर आलं तर मी नातवंडांना दाखवायला आणीन. आणि प्रत काढून ठेवलेली नाही, तुमच्याकडे चांगली यंत्रं असतील, एक काढून मला पाठवा.

मी आठवड्याच्या यादीत लिहिलं: बोवेनबाईंसाठी प्रत.

फोनवर त्या छान बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "मंजिरी, आमच्या घरात दारूला शिवायचं नाही असा नियम. सगळे चर्चवाले. पण त्या व्हिस्कीची जाहिरात लागली की माझी मावशी टीव्हीसमोर ताठ बसायची. आपल्याच माणसाचा फोटो आल्यासारखी."

मला हे समजलं नाही, असं म्हणता येणार नाही. आमच्या पुण्याच्या घरी गोडा मसाला करायला एक बाई यायच्या. खोबरं किती काळं होऊ द्यायचं, दगडफूल कधी टाकायचं, ते त्यांना ठाऊक. आईने त्यांना विचारून वहीत उतरवून घेतलं. मी आजही बर्मिंगहॅमच्या मैत्रिणींना तो मसाला देते आणि म्हणते, आईच्या हातचा. त्या बाईंना आम्ही पैसे देत होतो, त्या संध्याकाळी आपल्या घरी जात होत्या. आयसमला घर नव्हतं, तो स्वतःच दुसऱ्याच्या मालकीचा होता. ही तुलना नाही. एवढंच, की कुणाचा हात आणि कुणाचं नाव, हे मला फोनवर त्याच क्षणी कळलं. त्या बाईंचं आडनाव मला माहीत नाही, हेही तेव्हाच कळलं.

तरीही.

भिंतीच्या मजकुराच्या पहिल्या मसुद्यात मी आयसम घातला होता. खरंच घातला होता. चार ओळी, मधोमध. मॅनेजर चहाचा मग घेऊन माझ्या टेबलाशी थांबले, वाचलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. उद्घाटनाला यावर प्रश्न येतील, नाही का?" आणि गेले. बस्स. काढा म्हणाले नाहीत. परत कधी विचारलंही नाही. मी मान वर करून "येऊ देत" म्हणाले असते तर कदाचित ते "बरं" म्हणाले असते. हे मला इतक्या वर्षांत अनेकदा वाटलं आहे, आणि दर वेळी त्यावर काही करता येत नाही.

मी चार ओळी काढल्या. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. का? प्रश्न आले की बैठका येतात, बैठका आल्या की तारखा पुढे जातात, आणि माझ्या तारखा पुढे जात नाहीत. आणखी एक होतं — त्या ऑफिसात मी नेमकं काम करणारी, कटकट न करणारी म्हणून ओळखली जात होते. ती ओळख मला हवी होती. एवढीच होती किंमत. मोठं काही नाही.

बोवेनबाईंची प्रत एका यादीतून दुसऱ्या यादीत जात राहिली. मग एका सोमवारी नवी यादी करताना मी ती ओळ पुढे उतरवली नाही.

त्या स्वतःच आल्या. उद्घाटनाचं आमंत्रण मी पाठवलं नव्हतं, म्हणून नंतर एका साध्या दुपारी, कार्डिफहून ट्रेनने, रीडिंगला गाडी बदलून. डोक्यावर जांभळी टोपी, पिशवीत चांदीच्या कागदात सँडविच. नातवंडांना नंतर आणणार होत्या — आधी आपण एकटीने बघावं, म्हणाल्या. मी त्यांना खोलीत नेलं आणि दाराशी उभी राहिले.

त्यांनी भिंत वाचली. चष्मा लावून, बोट हवेत धरून, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक शब्द. शेवटी पोचल्या, पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग छापील मजकुरावर बोट ठेवून म्हणाल्या, "चार खेचरं भिंतीवर पोचली म्हणायची."

मी दाराजवळच्या खुर्च्या सरळ केल्या.

"मागच्या बाजूला आणखी काही आहे का, मंजिरी?"

मागच्या बाजूला स्टोअररूम होती. मी नाही म्हणाले. त्या फ्रेममधल्या पानाजवळ गेल्या, काचेला नाक लागेल इतक्या जवळ. "हे अक्षर ओळखीचं वाटतं गं."

"त्या काळी सगळ्यांचं अक्षर असंच असायचं," मी म्हणाले.

आणि मग मी ते सांगितलं. आमच्या तज्ज्ञांनी तुमचा कागद तपासला, तो अस्सल नाही, असे कागद पुष्कळ फिरतात, म्हणून लावता आला नाही. — कोण तज्ज्ञ? कुणी नव्हतं. तो कागद माझ्या खणात, निळ्या फोल्डरमध्ये होता. मी इतक्या सहज बोलले, की मला स्वतःलाच तो तज्ज्ञ दिसला.

त्या भांडल्या असत्या तर! त्या खुर्चीवर बसल्या. "मग मावशी..." एवढंच म्हणाल्या. जरा वेळाने माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तू प्रयत्न केलास, बाळ. तुझा वेळ घेतला मी." मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, टॅक्सी बोलावली. निघताना म्हणाल्या, "कागद तेवढा परत पाठव हं. खोटा असला तरी मावशीचा आहे."

पाठवते म्हणाले.

आता ती गोष्ट सांगते, जिच्याभोवती मी इतका वेळ फिरते आहे. तज्ज्ञाची गरजच नव्हती. बोवेनबाईंचं पाकीट उघडलं त्याच दिवशी मी त्यांचं पान आमच्या पानाशेजारी ठेवलं होतं. यादी करणारी बाई दुसरं काय करणार? तोच हात, तीच शाई. आमच्या पानावर खेचरांचा क्रमांक होता एकतीस. त्यांचं पान बत्तीसपासून सुरू होत होतं. रिकामी पिंपं, क्रमांक बत्तीस. करवती, क्रमांक तेहेतीस. आयसम, क्रमांक चौतीस. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आणि मजकुरातून ओळी काढल्यानंतर, फ्रेमवाल्याला पान देताना, मी त्याला सांगितलं होतं की डावीकडची क्रमांकांची पट्टी फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली घे, तशी जास्त सुबक दिसते. तो म्हणाला, क्रमांकांमुळेच तर मजा आहे. मी म्हटलं, नको, झाकून टाक.

म्हणून कागद परत पाठवता येईना. तो त्यांच्या हातात असता तर कुणीतरी, कधीतरी, दोन पानं शेजारी ठेवली असती. त्यांनी दोनदा फोन केला. मी म्हटलं, संग्रहात गेलाय, शोधते. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही. पुढे आमचा मजला रिकामा करायचा होता. टाकायच्या सामानाची यादी अर्थात माझ्याकडे होती. जुन्या खुर्च्या, सहा. मोडका प्रिंटर, एक. निळं फोल्डर मी उघडून पाहिलं, पान वाचलं, बंद केलं, आणि तुकडे करायला जाणाऱ्या कागदांच्या पिशवीत टाकलं. यादीत लिहिलं: इतर कागद, पिशवी एक. बरोबरची खूण केली.

माणसाला खेचरं आणि लोखंडी चुलीच्या मधे मांडणारा तो यादीवाला. त्याने निदान नाव लिहिलं होतं.

गेल्या वर्षी बोवेनबाईंच्या मुलीचं पत्र आलं. आई गेली. तिच्या वहीत तुमचा पत्ता होता म्हणून कळवते, असं लिहिलं होतं. आई तुमच्याविषयी नेहमी चांगलं बोलायची, तुम्ही तिला खरं सांगितलंत आणि तेही प्रेमाने. शेवटच्या दिवसांत तिने आम्हा सगळ्यांना बजावलं, की आयसमची गोष्ट पोरांना सांगू नका, ती खोटी निघाली, आपण खोट्याचा अभिमान धरायचा नाही. तो कागद सापडला असला तरी आता पाठवायची तसदी घेऊ नका.

मी दोन ओळींचं सांत्वनाचं कार्ड पाठवलं. सुवाच्य अक्षरात. त्यात हे लिहिलं नाही. विवेकने पत्र टेबलावर बघितलं. "कोण गं या?" मी म्हटलं, कामातल्या ओळखीच्या. तो म्हणाला, "किती चांगलं लिहिलंय तुझ्याबद्दल."

मुलीला अजून कळवलेलं नाही. कळवलं तरी काय दाखवणार? कागद नाही, प्रत नाही, मावशी नाही, आई नाही. आहे तो माझा शब्द, आणि त्या घराशी माझा शब्द कसा वागला ते मी आत्ताच लिहिलं.

ते पान अजून भिंतीवर आहे. रोज लिफ्टकडे जाताना दिसतं. पाहुणे थांबतात, पिंपं मोजतात, खेचरांपाशी हसतात आणि पुढे जातात. पुठ्ठ्याखाली एकतीस आहे. त्यापुढे बत्तीस, तेहेतीस, आणि चौतीस — आयसम, दारू गाळणारा. कागद खरा होता.