सत्याच्या दिवसाचं पान

वंदनाने जमनाबाईंना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती दुसरीत होती. भाद्रपदातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. अंगणात मुगाच्या शेंगा वाळत होत्या. परतूरहून आलेल्या जीपमधून बदामी लुगड्यातली एक मारवाडी बाई उतरली, शेंगांवर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहून वंदनाच्या आजोबांना म्हणाली, "रामराव, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा."

"माफ केलं, बाई," आबा म्हणाले.

बाई आल्या तशा निघून गेल्या. वंदनाची आई, उषाबाई, मागून पुटपुटली, "दरसाल माफी मागायला येतात, पन घोटभर पाणी घेत न्हाईत. पोटात काय ठिवलंय कोण जाणे!"

पर्युषण संपलं की क्षमावाणीच्या दिवशी जैन माणसं एकमेकांकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, हे वंदनाला पुढे कळलं. पण जमनाबाई आपल्या गल्लीतली घरं झाल्यावर दोन कोस लांब, नात्यागोत्यात नसलेल्या कुणब्याच्या घरी का येतात, हे तिला कुणी सांगू शकलं नाही.

वंदना मोठी झाली आणि परतूरला स्टेशनजवळ तिने टायपिंगचं दुकान टाकलं. दोन वर्षांपूर्वी, मराठवाड्याच्या मुक्तीला पंचाहत्तर वर्षं झाली तेव्हा, जमनाबाईंचा नातू जिनेंद्र त्यांची एक जुनी वही पुस्तकासाठी टाइप करून घ्यायला दुकानात आला. रझाकारांच्या धामधुमीत शाळा बंद पडली, तेव्हा मास्तरांनी मुलांना घरी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. बाकीच्या मुलांनी आठ दिवसांत सोडून दिलं. तेरा वर्षांची जमना अकरा महिने लिहीत राहिली.

"जालन्याला चांगलं छापून मिळालं असतं," जिनेंद्र हसत म्हणाला. "पण दादीचा हट्ट. रामरावच्या नातीच्याच हातनं व्हायला पाहिजे म्हणे. जल्दी करा ताई, रोज विचारते, कितवं पान झालं."

वंदनाला ती वही आवडू लागली. रॉकेल मिळालं नाही. दोन दिवस रेल्वे आली नाही. मांजरीने आईच्या पेटीत पिल्लं घातली. एके ठिकाणी तिला आपल्याच घरातलं नाव दिसलं. आबांचे थोरले भाऊ मच्छिंद्र, एकोणीस वर्षांचे, सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या छावणीवर निरोप पोचवायचे. ते जमनाच्या वडिलांच्या रिकाम्या कापसाच्या कोठ्यात लपले होते. जमना त्यांना भाकरी आणि पाण्याचा तांब्या नेऊन द्यायची. "मच्छिंद्रदादा म्हणतो, तुझी भाकर पापडासारखी आहे. उद्या जाड करीन."

वंदना एकटीच हसली. त्यांच्या घरात मच्छिंद्रांचा एक फोटोही नव्हता. कुणीतरी दाखवून दिलं आणि रझाकारांनी त्यांना नेलं, ते परत आले नाहीत, एवढंच सांगितलं जायचं. संशय होता तो कोठ्याचं दार दुरुस्त करायला गेलेल्या गावच्या सुतारावर. त्याचा नातू कल्याण तीन घरं सोडून राहत होता. त्या घराशी लग्नातसुद्धा बोलणं नव्हतं.

चार पानांनंतर तिने वाचलं:

"आज पर्युषणातला सत्याचा दिवस. सकाळी मंदिरात नेम घेतला, आज खोटं बोलायचं नाही. दुपारी माणसं आली. बाबा घरी नव्हते. एकाने बंदूक भिंतीला टेकवली आणि माझ्याजवळ बसला. म्हणाला, बेटी, कोठे में कौन है? मी सांगितलं. नेम मोडला नाही."

दुसऱ्या दिवशी एकच ओळ होती. "दादाचा तांब्या भरलेला तसाच आहे."

त्याच आठवड्यात हिंदुस्थानची फौज आली.

जिनेंद्रनेही ते पान वाचलेलं होतं. संध्याकाळी त्याने फोन केला. "ताई, तेवढं सोडून द्या. दादीचं वय बघा. कुणाला कळणार आहे?"

वंदना वही घेऊन जमनाबाईंकडे गेली. त्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या.

"दादी, जिनेंद्रभाऊ म्हणतात हे पान गाळा."

"पंचाहत्तर वर्षं मी तेच करून राह्यले, बेटा. माफी मागितली, पन कशाची ते सांगितलं न्हाई. अशी माफी लागत नसते."

"तुम्ही तेरा वर्षांच्या होतात."

"तेव्हा तेराची होते. मंग वीसची झाले, चाळीसची झाले. तेव्हा का न्हाई सांगितलं?"

"सुताराच्या घरावर आळ आला, ते माहीत होतं?"

जमनाबाईंनी सुपातला एक खडा उचलला. "बिलकुल माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आधी रामरावला वाचून दाखव. तो न्हाई म्हणला तर पुस्तकच नको. अन् ये म्हणला तरच मी त्या उंबऱ्याला येईन."

वंदनाने ते पान आबांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. उषाबाई परातीत पीठ तसंच ठेवून दारात येऊन उभी राहिली.

"बेटी म्हणला?" आबांनी विचारलं.

"हो."

आबा म्हणाले, "छापा. पन दादाचं नाव पुरं घाला, बापाच्या नावासगट." त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"भर उन्हाचं कुठं निघालात?" उषाबाईने विचारलं.

"कल्याणकडं."

"त्या घरी?"

"त्याच्या आज्यानं मरताना निरोप धाडला व्हता, येऊन जा म्हणून. मी गेलो न्हाई."

तासाभराने ते परतले. कल्याणने त्यांना बसा म्हटलं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "हे आज्याला सांगायला पाहिजे व्हतं."

रात्री आबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वंदना दुकानाला निघाली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. "बाईला सांग, दरसालासारखं ये म्हणावं."

पुस्तक छापून झालं. त्या वर्षीच्या क्षमावाणीला जमनाबाई जिनेंद्रच्या गाडीतून आल्या आणि नेहमीसारख्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"रामराव, मच्छिंद्र कोठ्यात हाय, हे मी सांगितलं. क्षमा करा."

आबांनी स्वतः आतून खुर्ची आणून ठेवली. "बसा, बाई." जमनाबाई बसल्यावर ते म्हणाले, "दरसाल न इचारता माफ करत व्हतो. आज इचारून करतो. पन हे माझ्यापुरतं झालं. कल्याणच्या घरचं माझ्या हातात न्हाई."

उषाबाईने पाणी आणलं. पंचाहत्तर वर्षांत जमनाबाई त्या घरचं पाणी पहिल्यांदा प्यायल्या. मग जिनेंद्रचा हात धरून तीन घरं चालत गेल्या. कल्याण दारात आला. त्याने त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आत निघून गेला.

जमनाबाई आता नव्वद वर्षांच्या आहेत. क्षमावाणीच्या दिवशी त्या गावातल्या दोन घरी जातात. रामरावांकडे खुर्चीवर बसतात. कल्याणच्या दारात अजून उभ्याच असतात.