सावंतमामांची तांबडी रेघ

आज मी जो काही आहे तो सावंतमामांमुळे. हे वाक्य मी पुष्कळदा बोललो आहे. लग्नाच्या जेवणावळीत, दुकानाच्या वार्षिक पार्टीत, घरी मुलीसमोर. त्याच्यापुढचं वाक्य मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ते आता तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. की ओळखीच्या माणसासमोर बोलण्याची छाती नाही म्हणून अनोळखी गाठला?

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. गडहिंग्लजला आमच्या गल्लीत त्यांची बहीण राहायची. तिची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. त्यांचं गाव घाटाखाली, सावंतवाडीजवळ. माझे वडील शाळेत शिपाई. आमच्या घराण्यात सातवीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो आणि दोन वर्षं नुसता बसून राहिलो. मामा शारजाहून सुट्टीवर आले होते. त्यांनी मला ओट्यावर बसलेलं पाहिलं. सत्त्याण्णव साली मी शारजात होतो. त्यांच्या दुकानाच्या व्हिसावर, त्यांच्याच खोलीत, त्यांनी रांधलेलं माशाचं कालवण खात.

दुकान शिकारीच्या सामानाचं. तंबू, सुऱ्या, शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या, आणि रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी — स्कोप. इथले लोक शिकारीला परदेशी जातात, त्याची सगळी तयारी इथून. पुढे काउंटरवर मी, मागे वर्कशॉपमध्ये मामा. ‘तू शिकलेलो, तू बोल. मिया स्क्रू फिरवतंय,’ अशी आमची वाटणी त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकली होती. मला ते ‘मास्तर’ म्हणायचे.

बोलणं मला जमलं. फार जमलं. भिंगाच्या व्यासाला मोठेपणाने, म्हणजे दुर्बीण किती पट मोठं दाखवते त्या आकड्याने, भागायचं — पन्नासला दहाने भागलं की पाच, म्हणजे डोळ्यात पाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत येणार. संध्याकाळच्या उजेडात तो कामाचा. हे मी इंग्रजीत सांगायचो आणि गिऱ्हाईक मान डोलवायचं. मामा आतून ऐकत आणि नंतर म्हणत, ‘मास्तर, भागाकार बरो करतस. पण माणूस दुर्बिणीच्या मागे असता, ता इसरां नको.’

मागे असतो तो माणूस — म्हणजे काय, ते सांगायला हवं. गोळी सुटली की रायफल मागे धक्का मारते. दुर्बिणीची मागची कड डोळ्यापासून निदान चार बोटं लांब हवी. उभ्याने नेम धरला तर मान ताठ असते, अंतर आपोआप राहतं. पालथं झोपून, त्यातही डोंगराच्या चढावर वरच्या बाजूला नेम धरला, की गाल नकळत पुढे सरकतो. म्हणून मामांचा एक नियम होता. त्यांनी दाराआड एक चटई आणि एक जाड कोट ठेवलेला. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला कोट घालून चटईवर पालथं झोपवायचं, डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायची, मग डोळे उघडायला लावायचे. पूर्ण गोल दिसला तर ठीक. नाही तर दुर्बीण पुढे सरकवायची आणि पुन्हा झोपवायचं. मोठमोठी माणसं कुरकुरायची. मामा मला मालवणीत म्हणत, ‘थय खडकार निजतलो, मग हय चटयेर निजाक लाज कसली?’ आणि हिंदीत त्यांना एवढंच, ‘सोना पड़ेगा, साब.’

मग स्क्रू एक इकडचा, एक तिकडचा असे आवळायचे आणि शेवटी स्क्रूवरून दुर्बिणीच्या कड्यावर नेलपॉलिशची बारीक तांबडी रेघ ओढायची. स्क्रू हलला तर रेघ तुटते. ती बाटली दुबईच्या बाजारातून आणलेली. मात्र रेघेचा आमच्याकडे आणखी एक अर्थ होता — हे सावंतचं काम. दुर्बीण बसवायची परवानगी फक्त त्यांना होती. मी शिकत होतो. बाटलीला हात लावायचा नव्हता.

आता सांगतोच.

दोन हजार एकचा शिकारीचा मोसम. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं. मामा खोलीवर आडवे व्हायला जात. मी एसीत वाचत बसायचो. त्या दिवशी अडीचच्या सुमारास काच वाजली. दारात असा माणूस, की तो आला की आमचा अरबाब, म्हणजे मालक, स्वतः उठून उभा राहायचा. हातात नवी रायफल, भारी काडतुसाची. मध्य आशियात डोंगरी बोकडाच्या शिकारीला निघाला होता, त्याच संध्याकाळच्या विमानाने.

मी त्याला दुर्बीण निवडून दिली. मामांनी लहान, कमी मोठेपणाची, डोळ्याला जास्त मोकळीक देणारी दिली असती. त्याला सगळ्यात मोठी हवी होती, आणि मीही भागाकार करून तीच चांगली असल्याचं सांगितलं. तो हसून म्हणाला, ‘इन्ता मुहंदिस’ — तू तर इंजिनिअर आहेस.

मामांना बोलवायला खोली चालत दहा मिनिटांवर होती. दहा मिनिटं. मी म्हणालो, मीच बसवून देतो.

काम वाईट केलं नाही. पाणसळ लावली, आतली उभी रेघ ओळंब्याशी जुळवली. मग त्याला उभं केलं, पातळ कंदुऱ्यात, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्यात, ताठ मानेने. गोल पूर्ण दिसतोय का? दिसतोय. चटई दाराआड गुंडाळलेली होती. माझं लक्षच गेलं नाही असं म्हणता आलं असतं, पण ते खोटं होईल. मी तिच्याकडे पाहिलं. अशा माणसाला जमिनीवर झोपा कसं म्हणायचं? आणि त्याहून खरं सांगू? त्याने मला इंजिनिअर म्हटलं होतं. चटई अंथरली असती तर मी परत वर्कशॉपचा माणूस झालो असतो.

मग मी बाटली उघडली आणि मामांच्या रेघेसारखी रेघ ओढली. रेघेवाचून रायफल बाहेर जात नसे, म्हणून. निदान तेव्हा तरी दुसरं काही मनात नव्हतं.

संध्याकाळी मामांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विमानतळावर फोन लावला असता, त्या माणसाला गाठून तिथल्या फरशीवर झोपवायलाही कमी केलं नसतं. मला नुसता ओरडा बसला असता. एवढंच बसलं असतं.

तीन आठवड्यांनी त्याचा भाऊ रायफल घेऊन आला. चढावर पालथं झोपून पहिलीच गोळी झाडली, आणि दुर्बिणीची कड भुवई फोडून डोळ्यात बसली होती. उजवा डोळा गेला. तो अजून बाहेरदेशी इस्पितळात होता. अरबाबने रायफल टेबलावर ठेवली आणि तांबड्या रेघेवर बोट टेकवलं. ‘सावंत, ये तुम्हारा है?’

विकली मी, हे रजिस्टरात होतं. बसवली कुणी, हे विचारायची गरज कुणालाच वाटली नाही. मामांनी रायफल उचलली, खांद्याला लावली, मान पुढे नेली, कड भुवईला टेकली आणि त्यांचा चेहरा उतरला. मोसमात त्या टेबलावरून दिवसाला सात-आठ रायफली जात. त्यांनी बोटांवर दिवस मोजून पाहिले. मग माझ्याकडे वळले.

‘माका आठवणा नाय रे. विलास, तू होतस ना? मियाच बसवलंय काय ही?’

मास्तर नाही म्हणाले. विलास म्हणाले.

मी म्हणालो, ‘हो मामा. तुम्हीच. सकाळच्या गर्दीत.’

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःच्या आठवणीपेक्षा माझ्यावर. शिकलेला मुलगा, तो कशाला खोटं बोलेल? त्यांनी अरबाबला सांगितलं, ‘हाँ अरबाब. मेरा हाथ है.’ तेवीस वर्षांची नोकरी. अरबाब वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घातली आणि ‘खलास’ म्हणाला. आठवड्यात व्हिसा रद्द झाला. जाताना मामांनी मला त्यांचं टेबल पुसून दिलं, कुठलं अवजार कुठे ते पुन्हा एकदा दाखवलं आणि म्हणाले, घाई करू नकोस.

मी घाबरलो होतो का? होतो. घरी पैसे जात होते, बहिणीचं लग्न ठरलं होतं. पण हे सगळं त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं, नंतर मी ते तिथे नेऊन ठेवलं. त्या क्षणी एवढंच होतं, की नाव त्यांचं येतंय, माझं येत नाहीये.

पुढच्या वर्षी त्यांचं पत्र आलं. माझ्याविषयी तक्रार नव्हती, अरबाबविषयीही नव्हती. लिहिलं होतं की गावात पंप, शिलाई मशीन दुरुस्तीला लोक येतात, पण स्वतःच्या हातावर भरवसा वाटत नाही. रोज सकाळी सुईत दोरा ओवून बघतो, पहिल्याच खेपेला ओवला जातो. मग तेव्हा काय झालं असेल रे, तुला काय वाटतं?

विचारलं होतं त्यांनी. सरळ विचारलं होतं.

शाळेपासून मला पत्र आधी कच्चं लिहायची सवय. मी उत्तर लिहिलं, पक्कं केलं आणि टपालात टाकलं. त्यानंतर मामांनी अवजारांची पेटी विकली, असं त्यांच्या बहिणीकडून कळलं. मग सात वर्षं ते ओसरीवर बसून राहिले आणि गेले. मी मातीला गेलो नाही. मोसम होता.

कच्चा कागद माझ्याकडे आहे. त्यातला शब्द न शब्द इथे उतरवतो.

तीर्थस्वरूप सावंतमामांस,
विलासचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. वाचून वाईट वाटले. मामा, एवढे मनाला लावून घेऊ नका. वय झाले की कोणाचाही हात चुकतो, आणि चुकला ते त्या माणसाला त्या वेळी कळतही नाही. म्हणून आठवत नसेल. त्यात आपला काही दोष नाही. आता जोखमीचे काम अंगावर घेऊ नका, विश्रांती घ्या.

इकडे सर्व ठीक आहे. टेबल मी सांभाळतो. अरबाब समाधानी आहेत.

झाले गेले विसरून जा. माझ्या मनात आपल्याबद्दल काही नाही.

आपला,
विलास