खडूच्या खुणेवर मी सही केली नाही

मंडळी, जुन्या गाड्या अस्सल आहेत का ते तपासून लिहून देणं हे माझं काम.

आज नोव्हाय शहरात बाबांच्या मित्राची, शिरीषकाकांची, जुनी मसल कार, म्हणजे दणकट इंजिनाची अमेरिकन गाडी, तपासली. इंजिनामागच्या पत्र्यावर खडूने लिहिलेला आकडा होता, गाडी बनवताना कारखान्यातल्या कामगाराने लिहिला असं भासवणारा. अशी मूळ खूण असली की गाडीची किंमत वाढते. अगदी सुबक. कारखान्यात गाड्या जोडणाऱ्या धावत्या लाइनवर इतकं सुबक कोण लिहितं? शिवाय पत्र्याला रंग गेल्या वर्षीच दिलेला. मग त्या रंगावर कारखान्याची खूण कशी?

काका म्हणाले, "अगं, ओरिजिनल लिहून टाक. घरचीच ना तू? तुझ्या बाबांनी डोळे झाकून सही केली असती."

तीनदा पुन्हा पाहिलं. मग रिपोर्टमध्ये लिहिलं, 'खूण नंतर लिहिलेली आहे.'

"काका, हे ओळखायला बाबांनीच शिकवलंय."

आता काकांचा बाबांना फोन जाईल. जाऊ दे. रिपोर्ट बदलणार नाही.

घरच्या माणसाला असं 'नाही' तुम्ही कधी म्हटलंय?