शाडूचं नाक

त्या प्रकरणाचा विषय निघाला, की आजही माझा हात नकळत स्वतःच्या नाकाकडे जातो.

मी तेव्हा पेणला फौजदार होतो. एका दुपारी जवळच्या जोहे गावातला एक मूर्तिकार पोलीस ठाण्यात आला. त्याची सोळा वर्षांची मुलगी कॉलेजला म्हणून निघाली ती पोहोचलीच नव्हती. मुलगी अल्पवयीन, म्हणून नियमाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा दाखल केला आणि ती कोणाबरोबर तरी पळाली असणार असं धरून मी पोरगा शोधू लागलो. त्यात दोन तास फुकट गेले. चूक माझीच.

तिची मैत्रीण तोंड उघडेना. महिला शिपाई तिच्याजवळ बसली, तोवर मी बापाचा मूर्तींचा कारखाना पाहिला. साच्यांमागे ओल्या फडक्यात शाडूचा एक चेहरा सापडला.

बाप पुटपुटला, "ही आमचीच पोर हाय. पण नाक तिचं नाय."

तो चेहरा पाहताच मैत्रीण रडू लागली. "काका, ती रोह्याला गेलीय. तिथं एक माणूस नाक बदलून देतो. असाच दुसरा चेहरा करून नमुना म्हणून नेलाय."

बापाने तो चेहरा हातात घेतला. त्यांच्याकडे मूर्तीचं नाक बिघडलं, तर माती ओली असतानाच कापून नवं बसवतात. "मी मस्करीत म्हणायचो, साहेब. तुझं नाक घाईत बसवलंय गो, एकदा कापून नीट करू."

रोहा ठाण्याला फोन केला, पण मैत्रिणीने सांगितलेला पत्ता अर्धवट होता. धाटावचा रस्ता, खाली भांड्यांचं दुकान, एवढंच. आम्ही जीप काढली आणि त्या रस्त्यावरचं भांड्यांचं एकेक दुकान पाहत गेलो. दरोडेखोरांना मी कधी घाबरलो नाही, त्या दिवशी मात्र घाबरलो होतो.

दुकानावरच्या खोलीचं दार ढकललं. मुलगी टेबलावर, अर्धवट गुंगीत. नाकावर निळ्या पेनाच्या रेघा, उशाशी मातीचा चेहरा. त्या इसमाकडे डिग्री नव्हती, हातात सुरी होती; ती अजून टेकली नव्हती.

मुलीने डोळे किलकिले केले. "झालं का?"

चौकशीत तो इसम एकच सांगत राहिला, "पोर आपल्या पायांनी आली." ते खरंच होतं. त्याला शिक्षा झाली. बापाच्या मस्करीला मात्र कुठलं कलम लावणार? घरातला एक शब्द पोरांना कुठवर नेतो, हे मी त्या खोलीत शिकलो.

निकालानंतर बापलेक मुद्देमाल म्हणून जप्त केलेला चेहरा न्यायला आले. बापाने ठाण्याच्या अंगणातच तो चेहरा पाण्याच्या बादलीत सोडला. आधी नाक विरघळलं.

मुलगी तिकडे बघत नव्हती. वर्दी तपासायला दारापाशी लावलेल्या आरशासमोर ती नाकावरून बोट फिरवत उभी होती. एव्हाना तिला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. आता तिला कोणाची परवानगी लागणार नव्हती.