नाव लिहू नका, साहेब!

मलकापुरात एका वकीलसाहेबांकडे मी वीस वर्षं कारकून होतो. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला. नोकरी सुटली तेव्हा कागद साहेबांच्या कपाटात राहिले आणि किस्से माझ्या डोक्यात! त्यातले मृत्युपत्रांचे तर विचारूच नका.

साहेब पक्षकारांना सांगायचे, "मृत्युपत्र म्हणजे पोराचा सदरा! पोर वाढलं की नवा शिवायचा."

एक शेतकरी शांतपणे म्हणाला, "आमच्या घरी मोठ्याचाच सदरा लहान्याले पुरते, साहेब!"

त्याच्या कागदात फक्त थोरल्याचं नाव होतं. साहेबांनी तासभर बसवून धाकट्या दोघांची नावं घालूनच त्याला सोडलं.

* * *

एक गृहस्थ बायकोशी वाजलं की येऊन तिचं नाव काढायला लावायचे. दोन दिवसांनी ती स्वतःच हजर. "जमलं आमचं. टाका पुन्हा!"

शेवटी साहेब त्यांना म्हणाले, "आधी आठ दिवस अबोला टिकवून दाखवा, मग लिहितो!"

त्यांना काही तो टिकवता आला नाही.

* * *

जळगाव जामोदच्या एका कापडवाल्यानं लहान मुलींचा पालक म्हणून पंचाहत्तर वर्षांचा मामा नेमला होता. मामा वारला, तसा हा तेरवीहून थेट ऑफिसात! "पालक बदला साहेब, यावेळी जवान मानूस आनला!"

मागून काठी टेकत त्याचे मावसे आत आले.

"मामाहून पाच वर्सानं लहान हायेत!"

साहेब मला म्हणाले, "तू बाहेर जाऊन हस."

* * *

संग्रामपूरकडचे नारायणराव मात्र साहेबांना पुरून उरले. स्वतःच्या कमाईचं वावर, म्हणजे शेत, आणि ते मुलाच्या नावे करायची हौस. तीन वेळा मुलगा झाला, तीन वेळा कागदात नाव चढलं, आणि तिन्ही वेळा वर्षाच्या आत खोडावं लागलं. शेवटी खाली पुतण्याचं, वासुदेवचं, नाव घातलं. मग चौथा मुलगा झाला!

साहेब म्हणाले, "आता बदला. नाहीतर पोराला काही मिळायचं नाही."

"कागदावर नाव चढलं का पोरगं जाते, साहेब."

"बरं, नाव नको. नुसतं 'मुलगा' लिहू."

"तरी त्याले समजते."

"कोणाला?"

नारायणरावांनी वर बोट दाखवलं.

"मग हा कागद फाडा तरी!"

"फाडू कसा? त्या तिघायची नावं दुसरीकडं कुठी लिहेल हायेत?"

साहेबांनी कागदाची घडी घालून तो त्यांना परत दिला. मला फार वाईट वाटलं.

* * *

पोर दोन वर्षांचं असताना नारायणराव तापानं गेले. वासुदेव कागद घेऊन आला. साहेबांनी वाचून सांगितलं, "वावर तुझंच. काकाच्या पोराला द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करून दे. पोराचं नाव सांग."

तो बाहेर गेला. बैलगाडीत त्याची काकू पोराला मांडीवर घेऊन बसली होती. परत येऊन म्हणाला, "काकू म्हनते, पाच वर्साचा होऊ द्या. मंग लिहा."

"तोवर?"

"तोवर वावर मी वाहतो."

तो गेल्यावर साहेब म्हणाले, "गेलं पोराचं वावर!" गावही तेच म्हणत होतं. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांनी वासुदेव आला, पोराचं बोट धरून. "लिहा, साहेब."

मी टाक शाईत बुडवला. साहेबांनी पोराला जवळ घेऊन नाव विचारलं. पोरानं छाती काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "पुंडलिक नारायण!"

वासुदेवनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल बे!"